मागून आलेली हाक

१

ट्रक मागे मागे येत रॅम्पला टेकला, की आधी त्याची फळी धाडकन पडायची, मग घंटी वाजायची आणि मग मेंढरं उतरायची. विसावा केंद्रावर दिवसभर हेच चालायचं. कायदा असा होता, की लांबच्या प्रवासाला निघालेलं जनावर ठरावीक वेळेच्या वर ट्रकमध्ये उभं ठेवायचं नाही. वाटेत उतरवायचं, पाणी पाजायचं, चारा घालायचा, पाय मोकळे होऊ द्यायचे, डॉक्टरने तपासायचं आणि मगच पुढे न्यायचं. लंगडं, तापलेलं किंवा गाभण जनावर निघालं, तर ते तिथंच अडवायचं. अडवलेलं जनावर डॉक्टरने स्वतः पुढे होऊन हलवलं तरच हलायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. माणसांनी केलेल्या कायद्यांमध्ये हा त्यातल्या त्यात शहाणा, असं केंद्राच्या डॉक्टरबाईंचं मत होतं.

डॉक्टरबाई तिला जग म्हणायचं. थोरला भाऊ चिमी म्हणायचा, आणि घरात तेच चालायचं, म्हणून आपणही चिमीच म्हणू. चिमीच्या डोक्यात आता पांढरे केस दिसू लागले होते, पण दादापुढे ती अजून चिमीच होती. आईवडील लवकर गेले. दादाने तिला वाढवलं, स्वतःचं शिक्षण अर्धवट सोडून तिला शिकवलं, आणि वहिनी आली तेव्हा तिनेही नणंदेला पोटच्या पोरीसारखं धरलं. दादा या केंद्राचा व्यवस्थापक झाला तेव्हा त्यानेच खटपट करून चिमीला इथे आणलं. केंद्रामागे कुंपणाला लागून तिघांचं घर होतं. लग्न कर म्हणून दोघं मागे लागली नाहीत, याबद्दल चिमीला त्यांचं फार कौतुक होतं.

घंटी असायची मावशीच्या गळ्यात. मावशी म्हणजे केंद्राची म्हातारी पांढरी शेळी. मेंढरं नवख्या जागी एक पाऊल टाकतील तर शपथ, पण पुढे कुणी चालू लागलं, की सगळा कळप मुकाट मागे जातो. मावशी रॅम्पवरून ट्रकमध्ये जायची, आत एक फेरी मारायची आणि सगळ्यांना घेऊन खाली यायची. विसावा संपला की तीच त्यांना परत वर चढवायची आणि ट्रकच्या पुढच्या छोट्या दारातून एकटी बाहेर पडून मूठभर दाण्यांसाठी उभी राहायची. ड्रायव्हर लोक तिला नेताजी म्हणत. "सगळ्यांना वर चढवायचं आणि आपण दुसऱ्या दाराने पसार!" असं म्हणून टाळ्या द्यायचे. चिमीही हसायची.

अडवलेल्या जनावरांसाठी इमारतीच्या टोकाला पत्र्याची एक खोली होती. तिला सगळे माहेर म्हणत. खाऊनपिऊन पडून राहायचं, कुणी हाकलायचं नाही, म्हणजे माहेरच की. तिथून त्यांना प्राण्यांच्या आश्रयस्थानाची गाडी घेऊन जायची. ती गाडी यायची दुपारी, चिमी जेवायला गेलेली असताना. चिमी पडली कायद्याची पक्की. 'डॉक्टरने स्वतः हलवायचं' म्हणून तिने सुरुवातीला हट्ट धरला होता. तेव्हा दादा म्हणाला होता, "अगं, ते ट्रकवाल्यांसाठी. आश्रयस्थान आपलंच आहे. तू दोन घास सुखाने खा." दादानेच सांगितल्यावर पुढे प्रश्न उरला नाही.

एका सकाळी ओळखीचा एक ड्रायव्हर फळी टाकता टाकता म्हणाला, "बाई, परवा उपकार केलेत हं. आमची अडवलेली सोडलीत."

"मी? कधी?"

"दुपारी हो. तुम्हीच पुढे होऊन चढवलीत की! हात केला मी तुम्हाला, पण तुम्ही काही वळला नाहीत."

"ऊन लागलं असेल तुम्हाला," चिमी म्हणाली. "टोपी घालत जा."

ड्रायव्हरही हसला, आणि त्याने खरोखरच टोपी चढवली.

२

दुपारचं जेवण म्हणजे वहिनीचं राज्य. चिमी मागच्या दारी गमबूट काढायची, हिरवा एप्रन काढून वहिनीच्या हातात द्यायची, हातपाय धुऊन टेबलाशी बसायची. वहिनी एप्रन लगेच मशीनमध्ये टाकायची. मेंढरांचा वास घरात नको, असं तिचं म्हणणं. जेवण होईपर्यंत मशीन घुर्र घुर्र फिरत राहायचं, आणि मग दुसरा, वाळलेला एप्रन घडी घालून तयार असायचा. एवढे लाड कुणाचे होतात, असं चिमीच्या मनात रोज यायचं.

त्या दुपारी मशीन मध्येच थांबलं. पाणी भरून घेण्यासाठी थांबतं तसं, क्षणभर. आणि त्या शांततेत घंटी ऐकू आली.

"वहिनी, आत्ता ट्रक आहे का कुठला?"

"मला काय ठाऊक बाई! भाजी वाढू?"

मशीन पुन्हा सुरू झालं. चिमीने घास तसाच ठेवला आणि कान दिला. घुर्रघुर्रीच्या खाली घंटी होतीच. मावशी चढताना घंटी जशी वाजते तशीच, एका पावलाला एकदा, अंतर राखून. चिमी उठून खिडकीशी गेली. इथून रॅम्प दिसत नसे, तो इमारतीच्या पलीकडे होता. मावशीची जागा मात्र समोरच होती. झाडाच्या सावलीत मावशी पाय मुडपून बसली होती. डोळे मिटलेले, जबडा संथ चाललेला. गळ्यातली घंटी मातीला टेकली होती.

घंटी वाजतच होती.

वाऱ्याने कुठली साखळी आपटत असेल, असं चिमीने ठरवलं. पण झाडाचं पान हलत नव्हतं, हेही तिला दिसत होतं. मग तिने ठरवलं, की साखळी नसेल, पत्रा तापून कडकडत असेल. पत्रा काही पावलाला एकदा असा कडकडत नाही. ती जागेवर येऊन बसली. आपण शिकलेली माणसं, आवाजाला कारण असतंच, असं स्वतःला बजावत तिने जेवण संपवलं, पण चव कशाची लागली नाही.

परतताना ती मुद्दाम रॅम्पवरून वळली. सकाळचा ट्रक गेल्यावर रॅम्प पाइपाने धुतला जातो. तसा तो धुतलेला होता, सिमेंट अजून ओलं होतं, आणि त्या ओल्यावर खुरांचे ताजे ठसे होते. सगळे वर गेलेले. खाली आलेला एकही नव्हता. आणि सगळ्यांच्या पुढे, मधोमध, गमबुटांचे ठसे होते.

डाव्या टाचेवर आडवी चीर होती. फुटक्या काचेवर पाय पडून चिमीच्या बुटाला ती चीर पडली होती. तिने पाय उचलून ठशावर ठेवला. तो तंतोतंत बसला. तिच्या मनात पाल चुकचुकली. सकाळी आपणच वर गेलो असू, रॅम्प मग नीट धुतला नसेल, असं ती पुटपुटली आणि पाइप घेऊन तिने सगळे ठसे धुऊन टाकले. हे आपण का केलं, ते मात्र तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

माहेर रिकामं होतं.

"आश्रयस्थानाची गाडी येऊन गेली," दादा म्हणाला. तो दारातच उभा होता. "अगं, त्या मागच्या लंगडीचं सांगायचंच राहिलं. पळते म्हणे आता! कुणाच्या हाती लागत नाही."

"खरंच?"

"मग? सगळ्या आश्रयस्थानाला पळवते. तुझ्या हातचा गुण, चिमे."

असं काही ऐकलं, की चिमीचा दिवस सोन्याचा व्हायचा. दादा असे किस्से नेहमी आणायचा. एका डोळ्याने अधू असलेली मेंढी आता कोकरांची आजी झाली आहे. ताप आलेला मेंढा राखणदाराच्या खाटेवर झोपतो. रात्री वहिनी त्यात आणखी भर घालायची. चिमीने आश्रयस्थान कधी पाहिलं नव्हतं, पण तिथल्या खाटेचा रंगसुद्धा तिने मनाशी ठरवून टाकला होता.

३

काळतोंडी आली ती भरदुपारच्या उन्हाच्या आधी, एका तीन मजली ट्रकच्या तळच्या मजल्यावरून. अंग मळकट पांढरं आणि तोंड काजळात बुडवून काढल्यासारखं. बाकीची उतरली तरी ही कोपऱ्यात उभीच. चिमी आत वाकून गेली आणि तिने पोटावर हात ठेवला. आतून कोकराने लाथ मारली.

"ही पुढे जाणार नाही," चिमी म्हणाली. "दिवस भरत आलेत. या अवस्थेत जनावर ट्रकमध्ये चढवणं गुन्हा आहे."

ट्रकवाल्याने दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "बाईंनी सांगितलं ना? मग विषय संपला." चिमीला आपल्या भावाचा अभिमान वाटला.

काळतोंडीला बाहेर काढण्याची खटपट मात्र मोठी होती. ट्रकचा हेल्पर काठी घेऊन तिच्या मागे गेला, तशी ती आणखी आत घुसली. चिमीने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. केंद्रावर नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ती हाच धडा द्यायची: मेंढराच्या मागे जायचं नाही. मागे माणूस आला, की ते पुढे पळतं, मग पुढे विहीर का असेना. त्याला थांबवायचं किंवा वळवायचं असेल, तर वळसा घालून त्याच्या तोंडासमोर जायचं. मागून हाक तर मारायचीच नाही. मागून येणारा आवाज त्याच्या लेखी काठीचा असतो.

मग ती स्वतः काळतोंडीच्या पुढे गेली, जिभेने टाळूवर टक् टक् केलं आणि पाठ फिरवून शांतपणे चालू लागली. थोड्या वेळाने तिच्या एप्रनला मागून ओलं नाक लागलं. माहेरापर्यंत ते नाक एप्रन सोडून हललं नाही.

पुढचे काही दिवस ती माहेरातच राहिली. आश्रयस्थानाची गाडी नादुरुस्त आहे, दादा म्हणाला. चिमीला ते बरंच वाटलं. काळतोंडी हौदाला तोंड लावायची नाही, चिमीच्या हातातल्या बादलीतलंच पाणी प्यायची. चिमीने टक् टक् केलं, की गर्दीतून वाट काढून यायची. "माहेरवाशीण आहेस, मिजास चालायचीच," चिमी तिला म्हणायची. एकदा कुणी बघत नाही असं पाहून तिने त्या काळ्या कपाळावर हात ठेवून सांगितलं, "तुला कुठे जाऊ देणार नाही. इथेच मोकळी हो." जनावराला दिलेल्या वचनाचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण चिमीने ते मनापासून दिलं होतं, आणि ते मोडायची वेळ येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

घंटी अधूनमधून ऐकू येत होती. नेहमी जेवताना, नेहमी मशीनच्या आवाजाखाली. एकदा तर ती वहिनीला न विचारता उठली आणि तिने मशीनचं बटणच बंद केलं. घंटी तत्काळ थांबली.

"काय झालं गं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. कान वाजतायत माझे."

"दमतेस फार," वहिनी म्हणाली आणि तिने बटण पुन्हा दाबलं. जरा घाईनेच.

४

काळतोंडीची कास भरून आली. आज-उद्या विणार, हे दिसत होतं. आश्रयस्थानात विण्याची काही सोय आहे का, नसेल तर तिला इथेच ठेवून घेऊ, असं चिमीच्या डोक्यात आलं. दादाला विचारायला ती कचेरीत गेली, तर दादा जागेवर नव्हता. म्हणून जेवायला बसता बसता तिने पशुवैद्यकीय खात्यातल्या आपल्या एका जुन्या वर्गमैत्रिणीला फोन लावला. वहिनी एप्रन मशीनमध्ये टाकत होती.

"आश्रयस्थान?" मैत्रीण म्हणाली. "कुठलं गं? ते तर कधीच बंद पडलं. तू तिथे रुजू व्हायच्या आधीच. आता तिथे जुन्या टायरांचं गोदाम आहे."

"दुसरं असेल एखादं."

"तुमच्या भागात दुसरं नाही. का? तुम्ही अडवलेली जनावरं पाठवता तरी कुठे?"

चिमीने फोन ठेवला. पळणारी लंगडी. कोकरांची आजी. खाटेवर झोपणारा मेंढा. एकेक जण तिच्या डोळ्यांपुढून गेला आणि प्रत्येकाची गोष्ट दादाच्या आवाजात होती. परक्याने फसवलं असतं तर ती चिडली असती, भांडली असती. इथे चिडायला जागाच सापडेना. ज्या हाताने घास भरवला, त्याच हाताने केसाने गळा कापला होता, आणि तो गळा फक्त तिचा नव्हता.

"वहिनी," ती म्हणाली, "आश्रयस्थान कुठे आहे?"

वहिनीची तिच्याकडे पाठ होती. ती वळली नाही. तिने फक्त मशीनचं बटण दाबलं.

घुर्रघुर्र सुरू झाली. आणि तिच्या खालून घंटी.

चिमी अनवाणीच धावली.

५

रॅम्पला ट्रक लागला होता. फळी पडलेली. माहेराचं दार सताड उघडं. दादा दाराला टेकून उभा होता, हाताची घडी घालून, बसची वाट बघणारा माणूस उभा राहतो तसा. माहेरातून मेंढरं एकामागोमाग एक निघून रॅम्पवर चढत होती. काठी नव्हती, आरडाओरडा नव्हता. ती एवढी शांतपणे चढत होती, की ते बघूनच चिमीच्या अंगावर काटा आला. अशी शांत ती फक्त तिच्यामागे चालतात.

सगळ्यांच्या पुढे हिरवा एप्रन होता.

पाठमोरा. खाली गमबूट. पाठीवर वेणी, आणि वेणीला सकाळी तिने घाईत बांधलेला रबर. हातात घंटी होती की नव्हती ते दिसलं नाही, पण प्रत्येक पावलाला ती वाजत होती.

वहिनी! चिमीच्या मनाने झटकन उत्तर दिलं. वहिनीच. माझा एप्रन, माझे बूट. म्हणून मशीन लावते, म्हणून मला टेबलाशी बसवते. इतकी संतापली ती, की वहिनीला आत्ताच घरात मागे सोडलंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही, आणि भीती पार पळून गेली.

"वहिनी!" ती ओरडली.

"अगं, इथे आहे मी," मागून वहिनीचा आवाज आला.

वहिनी घराच्या कोपऱ्याशी उभी होती, धापा टाकत. तिच्या हातात चिमीचे गमबूट होते, अनवाणी पळालीस म्हणून मागोमाग आणलेले. बाहीपर्यंत हात साबणाच्या पाण्याने भिजले होते, आणि त्या हातावर एप्रन होता, मशीनमधून तसाच ओढून काढलेला. त्यातून पाणी ठिबकत होतं.

चिमीने पुन्हा रॅम्पकडे पाहिलं. एप्रन ट्रकच्या अंधारात शिरत होता. त्याच्या मागे मेंढरं शिरत होती. आणि सगळ्यांच्या शेवटी, पोट सांभाळत, थांबत थांबत, काळतोंडी रॅम्पच्या मध्यावर होती.

विचार करायला वेळ होता का, हे चिमी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारणार होती. होता. ट्रकच्या कडेने वळसा घालायचा, पुढच्या छोट्या दाराने आत शिरायचं, काळतोंडीच्या तोंडासमोर उभं राहायचं. तिनेच शेकडो वेळा शिकवलेलं. पण आपलं माणूस कड्याच्या टोकाशी दिसलं, की कुणी वळसा घालत नाही.

"थांब!" ती रॅम्पवर धावली. "काळे, थांब! ए! थांब!"

काळतोंडीचे कान मागे झाले. तिने वळून पाहिलं. एप्रन नसलेली, हात फेकत, ओरडत येणारी एक बाई तिला दिसली. समोर, अंधारात, कुणीतरी जिभेने टाळूवर टक् टक् केलं.

काळतोंडी भरल्या पोटाने जेवढं पळता येतं तेवढी पळाली. वर. सरळ आत.

चिमी ट्रकच्या तोंडाशी पोचली तेव्हा डोळे उन्हाने दिपले होते. आत लोकरीचा दाट, उबदार वास होता. पाठीला पाठ लावून मेंढरं उभी होती, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, पुढच्या कोपऱ्याकडे होती. त्या कोपऱ्यात कुणीतरी गुडघ्यावर वाकलं होतं. काळ्या कपाळावर एक हात ठेवलेला होता. त्याचा अंगठा कानामागे फिरत होता, चिमीचा फिरतो तसा. मग आवाज आला, हलका, समजूत काढणारा. शब्द तिला कळले. तिचेच होते.

डोकं वर होऊ लागलं, आणि तेवढ्यात दादाने तिला खांद्याला धरून मागे ओढलं आणि फळी वर उचलून खिट्टी सरकवली.

६

ट्रक गेला. तो अडवायला चिमी त्याच्या पुढे उभी राहिली नाही असं नाही. ड्रायव्हरने खिडकीतून तिच्याकडे पाहिलं, मग ट्रकच्या आत उघडणाऱ्या छोट्या झडपेकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि कुंपणाला घासत, तिला वळसा घालून निघून गेला. तिने खात्यात फोन केला, पोलिसांना केला. ट्रक कुठल्या रस्त्याने गेला तेही तिला सांगता आलं नाही. पुढे दोन फाटे होते.

दादा रॅम्पच्या कडेवर बसला होता.

"किती दिवस?" चिमीने विचारलं.

"पहिल्यापासून." त्याने मान वर केली नाही. "तू सगळंच अडवायला लागलीस. ट्रकवाले म्हणाले, दुसऱ्या रस्त्याने जातो. केंद्र बंद पडलं असतं, चिमे. मग एकाही जनावराला पाण्याचा थेंब मिळाला नसता. मी म्हटलं, थोडी जातील, बाकीची तर पाणी पितील."

"मला सांगायचं होतं."

"तू ऐकलं असतंस?"

चिमीने रॅम्पवर पडलेला लोकरीचा पुंजका उचलला.

"मावशी अडवलेल्यांच्या पुढे चालेना," दादा म्हणाला. "ओढलं, दाणे दाखवले. पायच रोवायची. मग एकदा मी तुझा एप्रन घातला, हातात घंटी घेतली. तर लगेच आली सगळी. तुझा वास होता ना त्याला. वहिनी तेव्हा मशीन रिकामंच फिरवायची आणि एप्रन मागून धुवायची, म्हणजे तुला संशय नको. मशीनचा आवाज केला, म्हणजे घंटी नको."

"आणि आज? आज कोण होतं?"

वहिनी मागे उभी होती, ओला एप्रन छातीशी धरून. ती रडत होती.

"मी चारपाच वेळाच घातला गं," दादा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मग एक दिवस मी दार उघडलं, आणि एप्रन घ्यायला वळलो, तर मेंढरं आधीच चालू लागली होती. कुणाच्या तरी मागे. तेव्हापासून मी फक्त दार उघडतो. बघत नाही. तुझी शपथ, मी कधी तोंड बघितलं नाही."

तो उठला आणि त्याने तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. लहानपणापासून ठेवायचा तसा. चिमी एक पाऊल मागे सरली. तो हात तसाच हवेत राहिला.

"चल," तो म्हणाला, "जेवण गार होतंय."

तिने आत जाऊन बॅग भरली असती. तसं ठरवलंही होतं. पण तेवढ्यात फाटकावर हॉर्न वाजला आणि दुपारचा ट्रक आवारात शिरला. लांबून आला होता. फळ्यांच्या फटींमधून उघडी तोंडं दिसत होती, जिभा बाहेर आलेल्या. दादा जागचा हलला नाही. पाणी कुणी दिलं नसतं.

फळी पडली. मावशी वर गेली, सगळ्यांना खाली घेऊन आली. चिमी हौदाजवळ बादली घेऊन उभी होती. सवयीने जीभ टाळूला लागली होती; तिने ती तिथेच दाबून धरली. पहिली मेंढरं तिच्या अंगाजवळ आली, नाकं वर करून, विश्वासाने.

"जा!" ती ओरडली. "जा तिकडे! माझ्यामागे येऊ नका!"

तिने बादली हौदाच्या कडेवर आपटली. पुन्हा आपटली. कळप दचकून मागे हटला, एकमेकांवर चढला, भिंतीला जाऊन चिकटला. चिमी रडत आपटत राहिली. घाबरा, ती म्हणत होती, मला घाबरा, मेल्यांनो, माझा वास आला की पळत सुटा.

हात दुखून तिचं आपटणं थांबलं. बादलीतलं पाणी बरंचसं सांडलं होतं, तळाशी थोडं उरलं होतं. मेंढरं भिंतीशी उभी राहून तिच्याकडे बघत होती. मग त्यांच्यातली एक पुढे आली. तिच्या मागून दुसरी.

तहान लागलेली होती. ती सगळी आली.